मुलगा जनावरांमागे, मुलगी कॉलेजात

कंदील | सोमवार, रात्री ९:१४

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर परवा एक बातमी फिरत होती. उच्च शिक्षणात देशातल्या मुलींनी मुलांना मागे टाकलं म्हणे. खाली टाळ्या, तुताऱ्या आणि एकाचं ठरलेलं वाक्य, 'आता मुलांसाठी आरक्षण मागा.' मी मुळातला आकडा शोधला. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, २०२१-२२ : मुलींचा जीईआर (उच्च शिक्षणातल्या नोंदणीचा दर) २८.५, मुलांचा २८.३. फरक दोन दशांशांचा. एवढ्यावर तुतारी फुंकायला हरकत नाही, पण मला आठवलं सैनशांद.

मंगोलियात, गोबीच्या वाळवंटात हे गाव आहे. तिथे भारताच्या कर्जातून तेलशुद्धीकरण प्रकल्प उभा राहतोय, त्या कामावर मी दोन वर्षं होतो. पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट खटकली. हिशेब बघणारी बाई. दुभाषी बाई. पर्यावरणाची कागदपत्रं करणारी बाई. तालुक्याच्या कचेरीत गेलो तर चार टेबलांवर चार बाया. आणि पुरुष? गाडी चालवणारे, वेल्डिंग करणारे, फाटकावर राखणीला बसलेले. सुरुवातीला वाटलं, योगायोग असेल.

आमची दुभाषी शेजारच्या प्रांतातल्या पशुपालक घरातली. चार भावंडं. दोघी बहिणी उलानबातरला विद्यापीठात शिकल्या, दोघे भाऊ आठवीनंतर घरी. मी आपला भारतीय प्रश्न विचारला, 'मुलींना शिकवलं आणि मुलांना नाही, असं कसं?' ती म्हणाली, 'त्यांच्याकडे जनावरं आहेत. माझ्याकडे काय आहे?'

नंतर ज्याला त्याला विचारत सुटलो. जुळवलेली गोष्ट साधारण अशी. समाजवादी राजवटीत जनावरं सामुदायिक संस्थांची, त्यांना 'नेगदेल' म्हणत. मुलं तालुक्याच्या गावी सरकारी वसतिगृहात राहून शिकायची, मुलगा-मुलगी सगळे. १९९० नंतर ती राजवट गेली, नेगदेल मोडले, जनावरं घराघरांत वाटली गेली. सरकारचा हात आखडला. काही काळ तर वसतिगृहाच्या जेवणासाठी घरून मांस आणून द्यावं लागे. इकडे कळप वाढत चालले आणि राखायला माणूस लागायला लागला. हिवाळ्यात उणे तीसमध्ये घोड्यावर बसून मेंढ्या वळवायला कोण? मुलगा. मग आठवीतून काढला. मुलगी घरात राहून काय करणार? कळप पुढे भावाच्या नावावर जाणार, तिला परक्या घरी जायचं. तिच्या हातात काहीतरी असावं म्हणून तिला शिकायला पाठवली. विद्यापीठांत फी सुरू झाली तरी आईबापांनी शंभर-पन्नास मेंढ्या विकून पाठवली.

परिणाम असा की गेली तीस-पस्तीस वर्षं तिथल्या विद्यापीठांत दर दहांत सहाच्या आसपास मुली आहेत, नव्वदच्या दशकात तर त्याहून जास्त होत्या. आपण 'लेक शिकली' म्हणून जे साजरं करतो, ते तिथे आईबापांनी बरोबर उलट्या बाजूने केलेल्या हिशेबातून आलंय. मुलग्याची सोय झालेली होती, मुलीची नव्हती.

म्हणून माझा संशय असा : आपल्यासारख्या मधल्या उत्पन्नाच्या देशांत कॉलेजातल्या मुलामुलींचं प्रमाण बघून मुलींची किंमत वाढली की नाही ते कळत नाही. कॉलेजबाहेर मुलग्याला कुठली वाट आहे आणि मुलीला कुठली नाही, ते कळतं. पटतंय का? इतर देश बघितलेल्यांनी लिहा.

---

वाटसरू९ | सोमवार, रात्री ९:४०

भारी सुरुवात. वाचतोय.

(मंगोलियात शाकाहारी माणूस जगतो कसा, हेही कधीतरी लिहा.)

---

कंदील | सोमवार, रात्री ९:५२

बटाटा, कोबी, गाजर. पुन्हा बटाटा. आणि चहात मीठ. धागा भरकटवू नका.

---

आकडेमोड्या | सोमवार, रात्री ११:३०

विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

जीईआर म्हणजे कॉलेजात नाव असलेले सगळे, वय काहीही असो, भागिले १८ ते २३ वयाची लोकसंख्या. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. बातमी या दोन दरांची होती. डोकी मोजली तर चित्र वेगळं आहे. त्याच अहवालात एकूण विद्यार्थी ४.३३ कोटी, त्यात मुली २.०७ कोटी. म्हणजे जवळपास ४८ टक्के. मुलींचा दर जास्त आणि डोकी कमी, हे एकाच वेळी कसं शक्य आहे?

कागद-पेन्सिल घ्या. २.०७ कोटी म्हणजे मुलींच्या लोकसंख्येचे २८.५ टक्के, तर त्या वयाच्या मुली झाल्या साधारण ७.२६ कोटी. मुलं २.२६ कोटी, २८.३ टक्क्यांनी भागा, ७.९९ कोटी. दर हजार मुलांमागे नऊशे-दहाच्या आसपास मुली. दर बरोबरीला आला कारण भागायला मुलीच कमी आहेत. ज्या जन्मल्या नाहीत, त्या छेदातही नाहीत.

आणि हे पुढे आणखी बोचणार आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. बीडमध्ये ८०७. ती बाळं आत्ता कॉलेजच्या दारात आहेत. पुढच्या काही वर्षांत 'मुलींची आघाडी' अशा बातम्या आल्या तर आधी छेद बघा.

दुसरं, 'मधल्या उत्पन्नाचे देश' ही फार ढगळ पिशवी आहे. जागतिक बँकेच्या जुलै २०२४ च्या वर्गवारीत दरडोई १,१४६ डॉलरपासून १४,००५ डॉलरपर्यंत सगळे यात. त्यात खालचा गट आणि वरचा गट. भारत २००७ सालच्या उत्पन्नापासून खालच्या गटात आहे तो आहेच. मंगोलिया, इराण आणि अल्जीरिया मात्र २०२४ च्या याच वर्गवारीत एकदमच वरच्या गटात गेले. तिन्हीकडे विद्यापीठांत मुली भरपूर. पण म्हणून 'श्रीमंती आली की मुली शिकतात' असा निष्कर्ष काढू नका. मुली आधीपासून होत्या, गट आत्ता बदलला.

धागाकर्त्यांच्या संशयाबद्दल : अर्धा पटला. बाहेरची वाट हे एक कारण. पण मुली शाळेत जास्त टिकतात आणि जास्त मार्क मिळवतात, हेही जगभर दिसतं. दहावी-बारावीच्या निकालाला आपल्याकडे 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा वर्तमानपत्रांनी कायमचा जुळवून ठेवलेला असावा. फक्त तारीख बदलतात.

---

सातबारा | मंगळवार, सकाळी ७:०५

आकडेमोड्या सर, बीड म्हणालात, मी तिथलाच. ग्रामीण भागातल्या एका कॉलेजात शिकवतो. तुमचा छेद बरोबर आहे. मी अंशाबद्दल लिहितो.

माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर बीए दुसऱ्या वर्षाला ६२ नावं. दिवाळीनंतर वर्गात येतात वीस-बावीस. बाकीच्यांचं काय झालं? काही मुलं पोलीस भरतीसाठी मैदानावर. काही पुण्याला, चाकणला, ठेक्यावर. काही नुसतीच पारावर. मुलींपैकी निम्म्यांचं कुठे ना कुठे बघणं चालू असतं. 'काहीतरी शिकतेय' हे स्थळाला सांगायला बीए बरं पडतं. लग्न जमलं की परीक्षा राहते. पण नाव पटावर राहतं आणि तुमच्या सर्वेक्षणात मोजलंही जातं.

आणि ऊसतोड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, उचलही अर्धी. तेव्हा पोरगं अठरा-एकोणिसाचं झालं की घरात लग्नाचा विषय निघतो तो केवळ हौसेने नाही. त्यासाठी समोरच्या घरातून जी मुलगी आणतात, ती माझ्या वर्गातली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिऱ्हाड गाडीत टाकून कारखान्यावर, गाळप संपून पट्टा पडल्यावर परत. माझी एक विद्यार्थिनी, हुशार, अर्थशास्त्रात वर्गात पहिली, गेल्या हंगामात फडातून फोन करून विचारत होती, 'सर, परीक्षेचा फॉर्म कधी सुटतोय?'

म्हणजे कंदीलभाऊ, तुमच्या मंगोलियात मुलग्याला जनावरं राखायला ठेवलं आणि मुलगी सुटली. आमच्याकडे कामाला जोडीच लागते, म्हणून मुलगी सुटत नाही. तुमचा नियम खरा असला तर आमच्याकडेही तोच उलटा लागू पडतो.

महाराष्ट्राबद्दल एक कडू गोष्ट. देशाच्या सरासरीत मुली पुढे गेल्या, पण आपल्या राज्यात मुलींचा दर अजून मुलांच्या मागे आहे. १८४८ चा भिडेवाडा, १९१६ चं महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ, सगळं आपल्याकडे, आणि हे असं. सरकारने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, आधी निम्मी होती. चांगलं केलं. पण माझी बीएची पोरगी व्यावसायिक अभ्यासक्रमात नाहीच, आणि तिची अडचण फी कधीच नव्हती. बारावीपर्यंत एसटीचा पास मुलींना फुकट, बारावीनंतर तो बंद. तिच्या बापाचा सगळा हिशेब त्या पासाच्या तारखेवर येऊन थांबतो.

---

गुळपोळी | मंगळवार, सकाळी ८:२०

सातबारा, फॉर्म कधी सुटतोय हे वाचून चहा गार झाला. भरला का तिने पुढे?

---

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी १०:४८

सगळे मुलींवरच बोलताय. ६२ पैकी मुलगे किती आणि वर्गात येणारे मुलगे किती, ते सातबारांनी सांगितलंच नाही. मंगोलियात आठवीतून काढलेल्या पोरांचं काय झालं? त्यांच्यासाठी कोणी योजना काढली का? मुली मागे असल्या की 'अन्याय', मुलगे मागे असले की 'त्यांना बाहेर वाट आहे'. ही वाट म्हणजे उणे तीसमध्ये मेंढ्या हाकणं. वा!

---

आकडेमोड्या | मंगळवार, दुपारी १:१५

उलटतपासणी, टोन सोडा, मुद्दा घेतो. तो खरा आहे आणि जुनाही आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या पोटात लेसोथो नावाचा डोंगराळ देश आहे. तिथे मुलगे लहानपणापासून डोंगरावर गुरं राखायला जातात, मोठे झाले की पूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जायचे. शाळेत आणि विद्यापीठात मुली जास्त. पुढे खाणींतली कामं आटली आणि ते पुरुष परत आले, हातात ना शिक्षण ना पगार. जमैकात तर विद्यापीठात मुली इतक्या जास्त आहेत की पुरुष मागे पडताहेत का, यावर १९८० च्या दशकापासून वाद झडतोय. ब्राझीलमध्येही मुलगे शाळेतच गळतात, कामाला लागतात, आणि विद्यापीठात मुली बहुसंख्य असतात.

तेव्हा मुलग्यांची गळती हा प्रश्न आहेच. पण तो सुटावा म्हणून मुलींच्या जागा कमी करायच्या का, यावर काही देशांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. इथे कोणी इराणबद्दल लिहील का? मला वाचून माहीत आहे, पाहून नाही.

---

रानभेंडी | मंगळवार, दुपारी ४:०२

मी लिहिते. पाहून म्हणजे अर्धवट पाहून.

दोन हजारच्या दशकात पुण्यात इराणी विद्यार्थी खूप होते. आमच्या एमएस्सीच्या बॅचला दोघी होत्या, एक शिराझची, एक तब्रीझची. दोघींनी त्यांच्याकडची 'कोंकूर' ही प्रवेश परीक्षा दिलेली. तिच्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा आपल्या जेईईवाल्या पोरांसारखा व्हायचा.

त्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं असं : क्रांतीनंतर १९८० ते ८३ विद्यापीठं बंदच होती. उघडली ती नव्या नियमांनी, हिजाबसकट. बाहेरच्यांना वाटलं, आता मुली घरी बसणार. झालं भलतंच. गावाकडचे, सोवळे बाप, जे शाहच्या काळात 'तिथलं वातावरण बरं नाही' म्हणून मुलींना पाठवत नव्हते, त्यांना आता नकाराला कारण उरलं नाही. शिराझवाली म्हणायची, 'माझ्या आजोबांनी माझ्या आत्याला नाही पाठवलं, मला मात्र स्वतः स्टेशनवर सोडायला आले.' नव्वदीच्या शेवटी प्रवेशात मुली मुलांच्या पुढे गेल्या, आणि २००१ च्या सुमाराला नव्या प्रवेशांत साठ टक्क्यांच्या आसपास.

मग आकडेमोड्या म्हणतात तसं झालं. २०१२ मध्ये ३६ विद्यापीठांनी ७७ अभ्यासक्रम मुलींना बंद केले. कारणं काय, तर समतोल राखायचा आहे, अमुक काम बायकांना जमत नाही, नोकऱ्या मिळत नाहीत. त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगझौला काही मुलींनी रस्त्यावर डोकी भादरून घेतली, कारण काही अभ्यासक्रमांत मुलींना मुलांपेक्षा जास्त गुणांची अट होती. दोन अगदी वेगळे देश, पण मुली पुढे सरकल्या तशी दार थोडं ओढून घेण्याची युक्ती एकच.

आता कंदील यांच्या मुद्द्याबद्दल. इराणमध्ये इतक्या शिकल्या, तरी नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात शंभरातल्या वीसही जणी नाहीत. तिथे डिग्री म्हणजे घराबाहेर पडायचा चार वर्षांचा परवाना होता. तब्रीझवालीने पीएचडीसुद्धा केली. मी विचारलं, पुढे काय? म्हणाली, 'पुढे काही नाही म्हणून तर पीएचडी.'

पण एका गोष्टीवर मी तुमच्याशी भांडणार. 'किंमत वाढली नाही, फक्त हिशेब' असं तुम्ही म्हणता, ते बापाच्या बाजूने. मुलीच्या बाजूने त्या चार वर्षांत काय होतं ते बघा की. ज्या हिशेबाने पाठवली, त्याच हिशेबात ती परत बसत नाही.

---

टाकीवरची_चिमणी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

रानभेंडीला +१. शेवटची ओळ फ्रेम करून लावण्यासारखी आहे.

---

निळीशाई | मंगळवार, रात्री १०:१०

एकूण आकड्याच्या आत कुठल्या शाखेत कोण, हे कोणी बोललंच नाही. मी अभियंता, मुलगीही अभियांत्रिकीला.

भारतात विज्ञान शाखेत (पदवीपासून पीएचडीपर्यंत) २०२१-२२ ला मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. बीटेकला मात्र मुली एक तृतीयांशाहूनही कमी. लोक म्हणतात मुलींना यंत्रांची आवड नसते. मग युनेस्कोचे पदवीधर अभियंत्यांचे आकडे बघा : अल्जीरियात ४८.५ टक्के मुली, पेरूमध्ये ४७.५, ट्युनिशियात ४४.२. जगाची सरासरी २८. श्रीमंत युरोपातले कितीतरी देश या तिघांच्या खाली आहेत. अल्जीरियाच्या पोरींचे हात काही वेगळे घडलेले नाहीत.

आपल्याकडे अडतं ते कोचिंगला. मुलगा सतराव्या वर्षी कोट्याला एकटा खोली घेऊन राहतो, मुलीला कोण पाठवतं? आयआयटींमध्ये २०१६ ला नव्या प्रवेशांत मुली ८ टक्के होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, मुलांच्या जागांना हात न लावता, आणि २०२० पर्यंत प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. उलटतपासणी यांनी हे नोंदवावं, कोणाचं काही काढून घेतलं नाही.

मुलीचा प्रवेश या जादा जागेतूनच झाला. पहिल्या सत्रात कोणीतरी तिला 'कोट्यातली' म्हणालं. तिने उत्तर दिलं, 'हो, पण कोट्याला न जाता आलेली.' दोन दिवस घरात आम्ही त्याच वाक्यावर हसत होतो.

---

उलटतपासणी | मंगळवार, रात्री १०:५५

नोंदवलं. विनोद चांगला आहे.

---

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी ६:५०

धागाकर्त्यांचा नियम मला जवळून ओळखीचा वाटला. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडे २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका. गर्भातल्या मुली वाचवण्यात आम्ही फार पुण्यवान म्हणून नव्हे, पुरुष मुंबईत, जहाजावर किंवा आखातात म्हणून. आमच्या वाडीत एक काळ असा होता की पोराने बारावी केली की 'सीडीसी काढ' (जहाजावर नोकरीला लागणारं खलाशाचं पुस्तक), पोरीने केली की 'डीएड कर'. पोराला कॉलेज म्हणजे उशीर, पोरीला कॉलेज म्हणजे वेळ. लग्न ठरेपर्यंतचा वेळ.

केरळ हेच मोठ्या प्रमाणावर. २०२१-२२ ला तिथे मुलींचा जीईआर ४९, मुलांचा ३४ च्या आसपास. मुलगे आयटीआय करून किंवा तसेच आखातात. नेपाळात तर काठमांडूच्या विमानतळावर रांगेत कोण उभं असतं ते बघा, आणि मग तिथल्या कॉलेजात मुली का वाढल्या ते विचारा.

श्रीलंकेचं मात्र या नियमात पूर्ण बसत नाही. तिथे १९४५ पासून शिक्षण मोफत, विद्यापीठातही. फीचा प्रश्नच नाही, तेव्हा मुलगा की मुलगी ही निवड बापाला करावीच लागली नाही. दोघंही परीक्षेला बसतात, मुली जास्त मार्क मिळवतात आणि विद्यापीठांत दहांत सहाहून जास्त जागा घेतात. म्हणजे आकडेमोड्यांचा अर्धा भाग तिथे, कंदीलांचा अर्धा भाग आमच्या वाडीत.

आणि सातबारा सर म्हणाले तो पास. बांगलादेशात १९९४ पासून गावागावांत माध्यमिक शाळेतल्या मुलींना छात्रवृत्ती दिली, अटी तीन : हजेरी, ठरावीक मार्क, आणि अठरापर्यंत लग्न करायचं नाही. शाळेत मुली मुलांच्या पुढे गेल्या. विद्यापीठात मात्र अजून मुलगेच जास्त. जिथपर्यंत पैसा, तिथपर्यंत मुली. अगदी तुमच्या एसटीसारखं.

---

वाटसरू९ | बुधवार, दुपारी १२:२०

दोन दिवस नुसता वाचत होतो. कंदील, एक राहिलं. त्या दुभाषीच्या भावांचं पुढे काय झालं? उलटतपासणी यांनी विचारलंय आणि तुम्ही शिताफीने टाळलंय.

---

कंदील | बुधवार, रात्री ९:३५

टाळलं नाही, तिला विचारून लिहायचं होतं. काल बोलणं झालं.

आधी रानभेंडीताईंचं मान्य करतो. मी बापाच्या बाजूने लिहिलं होतं. ती दुभाषी आज तिच्या घराचे सगळे निर्णय घेते. त्या निर्णयांसाठी तिला कोणी शिकवलं नव्हतं. जाता जाता, तिथल्या संसदेत २०२४ च्या निवडणुकीत १२६ पैकी ३२ बायका आल्या. तीन दशकं विद्यापीठात बहुसंख्य असून एवढ्याच, आणि तेही उमेदवारीत कोटा ठेवल्यावर.

आता भाऊ. तिथे 'झुद' नावाचं संकट असतं. उन्हाळ्यात गवत कमी, मग हिवाळ्यात बर्फाचा असा थर की जनावराला खुराने उकरून गवतापर्यंत पोचता येत नाही. उभी जनावरं मरतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात देशभरात सत्तर लाखांवर जनावरं गेली. तिच्या घरची चारशे होती, वसंतापर्यंत साठ-सत्तर उरली. मोठा भाऊ अजून गेरमध्येच, म्हणजे पशुपालकांच्या तंबूतच आहे, उरलेली राखतो. धाकटा दक्षिणेला कोळशाच्या खाणीवरून चीनच्या सीमेपर्यंत ट्रक चालवतो. सीमेवर रांगेत दिवस दिवस थांबावं लागतं, झोप ट्रकमध्येच.

मी तिला सहज म्हटलं, तुझ्याकडे काहीच नाही म्हणून तुला शिकवलं, आणि आता बघ. ती हसली नाही. म्हणाली, धाकट्याचं ट्रकचं लायसन काढायला पैसे मी दिले, आणि लेखी परीक्षा तो दोनदा नापास झाला, कारण वाचनाचा सराव सुटलेला. तिसऱ्या वेळी तिने महिनाभर रोज रात्री फोनवरून त्याचा अभ्यास घेतला.

उलटतपासणी, तुमचा मुद्दा मी आधी लिहायला हवा होता.

---

उलटतपासणी | बुधवार, रात्री १०:१२

धन्यवाद. तिसऱ्या वेळी पास झाला ना?

---

कंदील | बुधवार, रात्री १०:१५

झाला.

---

सातबारा | गुरुवार, सकाळी ६:४०

उलटतपासणी, तुमचा हिशेब राहिला होता. ६२ पैकी मुलगे ३५, मुली २७. दिवाळीनंतर येणाऱ्या एकवीस जणांत मुली चौदा. आता तुम्हीच बघा यातून काय काढायचं ते.

गुळपोळीताई, फॉर्म भरला. फडावरून येता येईना, म्हणून तिच्या चुलतभावाने इकडे सायबर कॅफेत भरला आणि फोटो मला पाठवला. दुसरं वर्ष ६८ टक्क्यांनी सुटली. आता शेवटचं वर्ष. सासरे म्हणतात, यंदा एकटा पोरगा अर्ध्या कोयत्याने जाईल, हिला राहू दे, पण इथे घरी एकटी ठेवणार नाही. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च तिला राहायला जागा हवी. आमच्या तालुक्याला मुलींचं वसतिगृह आहे, यादी भरलेली. जिल्ह्याच्या गावी किंवा छत्रपती संभाजीनगरला कोणाच्या ओळखीत एखाद्या संस्थेचं वसतिगृह असेल, जेवणासकट, तर कृपया कळवा. मार्कलिस्ट, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला सगळं तयार आहे.

---

निळीशाई | गुरुवार, सकाळी ७:२५

संभाजीनगरला माझी मावसबहीण एका मुलींच्या वसतिगृहाच्या समितीवर आहे. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय, बघा. अर्ज या आठवड्यातच द्यायला लागेल, पुढच्या सोमवारी त्यांची बैठक आहे.

---

सातबारा | गुरुवार, सकाळी ७:३१

मिळाला. आज चार वाजता कॉलेज सुटलं की तिच्या गावी जातो, सासऱ्यांची सही घ्यायची आहे.